उतारा

'उतारा' हा शब्द मराठीत तीन निरनिराळ्या कामांना लावला जातो. विषावर जे चालते त्या औषधाला आपण उतारा म्हणतो. दुखणे हटेनासे झाले म्हणजे घरातली वडीलधारी बाई रोग्यावरून भात, लिंबू, नारळ ओवाळते आणि दिवेलागणीला तिठ्यावर नेऊन ठेवते, तोही उतारा. आणि तलाठ्याकडून आपण जो सात-बाराचा कागद आणतो, ज्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणाचा किती बोजा आहे हे लिहिलेले असते, तोही उताराच. औषध, बाहेर नेऊन ठेवलेला रोग आणि मालकीचा दाखला हे तीन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले, हे भाषेचे जाणकार सांगतील. मला ज्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे त्याला मात्र हे तिन्ही अर्थ लागू पडतात. प्रश्न असा : आपण घेतलेले औषध आपले काम करून शरीराबाहेर पडले, पाण्याला मिळाले, म्हणजे त्यानंतर ते कोणाचे?

तिठ्यावर उतारा ठेवणाऱ्या बाईच्या मनात वाटसरूविषयी वैर नसते. तिला फक्त आपले लेकरू बरे व्हायला हवे असते. पण त्या समजुतीचा गाभा पाहिला तर तो मोठा भयंकर आहे. रोग नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. जो कोणी तो उतारा ओलांडील त्याच्या अंगाशी तो चिकटतो. म्हणून तर आई मुलाला बजावते, तिठ्यावरून जाताना पायाखाली पाहून चाल. आपण शिकलेली माणसे या समजुतीला हसतो. परंतु तिच्यात एक कबुली होती. आपल्या घरातून निघालेले दुखणे दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाणार आहे, हे ती बाई जाणून होती. आपण गोळी घेतो, बरे होतो आणि विसरतो. आपल्या मनात तिठाच उरलेला नाही.

वास्तविक गोळीची गोष्ट गिळण्यापाशी संपत नाही. आज वऱ्हाडातल्या कोणत्याही मध्यम गावात मधुमेहाची माणसे दारोदार सापडतात आणि त्यांतले बहुतेक मेटफॉर्मिन घेतात. हे औषध शरीरात जवळजवळ बदलतच नाही. ते आपले काम करते आणि जसे आले तसे लघवीवाटे निघून जाते. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग काही तासांतच न बदलता बाहेर पडतो. गुडघ्याला चोळतो त्या डायक्लोफेनॅकच्या मलमातले फारच थोडे कातडीतून आत जाते. बाकीचे कपड्यांना लागते आणि आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जाते. शरीर हे औषधाचे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. तो वाटेतला एक थांबा आहे.

पुढे काय होते? आमचे नांदगाव खंडेश्वर हे अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ, कापूस-तूर-सोयाबीनची शेती, थोडी दुकाने, थोडे दवाखाने. अशा गावातले सांडपाणी नालीतून नाल्यात जाते आणि नाल्यातून उताराने नदीकडे. आमच्या बाजूची बेंबळा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. मोठ्या शहरांत सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे असतात. पण ती यंत्रे मुळात मैला आणि अन्नाचा खरकटा अंश कुजवण्यासाठी रचलेली आहेत. तिथे राबतात ते जिवाणू. जे सहज कुजते ते ते खातात. औषधाचे तसे नाही. पोटातल्या आम्लाने विरू नये, रक्तात काही काळ टिकून राहावे, म्हणूनच तर औषध घडवलेले असते. टिकून राहणे हा औषधाचा गुण. तोच नदीत गेल्यावर अवगुण ठरतो. म्हणून अशी कित्येक औषधे त्या यंत्रांतूनही सुखरूप पार होतात.

कोणी म्हणेल, प्रमाण तरी किती? खरोखरच प्रमाण फार थोडे असते. एका लिटरात ग्रॅमचा कोट्यवधीवा भाग. परंतु थोडे म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण औषधांच्या बाबतीत खरे नाही, कारण थोड्यात पुष्कळ काम करावे यासाठीच त्यांची निवड झालेली असते. कॅनडात शास्त्रज्ञांनी एका अख्ख्या तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षे संततिनियमनाच्या गोळीतले संप्रेरक मिसळून पाहिले. प्रमाण होते एका लिटरात एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट. नर माशांत मादीची लक्षणे आली आणि तळ्यातली ती लहान माशांची जात जवळजवळ संपली. २००७ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

आपल्याला कॅनडापर्यंत जायचीही गरज नाही. आमच्या पिढीने गिधाडे पाहिली आहेत. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आकाशातून ती उतरत आणि संध्याकाळपर्यंत हाडांचा सापळा उरे. मग ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली मोजणी सांगते की १९९२ साली जिथे हजार होती, तिथे २००७ साली एक उरले होते. कोणी म्हणत रोग आला, कोणी म्हणत झाडे तुटली. २००४ साली कारण सापडले. जनावरांना वेदना थांबवण्यासाठी दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृत देहात उरे आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. शंभरातले एखादे जनावर असे असले तरी एवढा नाश व्हायला पुरेसा होता. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

या विषयावर आमच्याकडे एकदा बोलणे निघाले असता एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, "बैलाले दुखे म्हणून सुई देल्ली, गुरुजी. त्यात आमचं काय चुकलं?" मला या प्रश्नाला झटकन उत्तर देता आले नाही, आजही देता येत नाही. त्यांचे काहीच चुकले नव्हते. आयुष्यभर आपल्यासाठी राबलेल्या मुक्या जनावराच्या वेदना कमी कराव्यात, यापेक्षा निर्मळ हेतू कोणता असणार? आणि तरीही त्या हेतूच्या पलीकडच्या टोकाला एका पक्ष्याच्या जातीचा संहार आहे. आपल्या नीतिशास्त्राची बहुतेक घडण हेतूवर उभी आहे. हेतू शुद्ध असला की कर्म शुद्ध, असे आपण मानत आलो. पण इथे हेतू शुद्ध, कर्म शुद्ध, साधनही शुद्ध, आणि फळ मात्र विषारी. गिधाडाला ते औषध मांसातून मिळाले. माशांना पाण्यातून मिळते. वाट निराळी, पण प्रश्न तोच.

आता या कथेत एका नव्या पात्राचा प्रवेश होतो. ते पात्र म्हणजे बुरशी.

पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर पंख्याच्या आकाराचे, चिवट, कडेकडेने रंगाची वळी असलेले पापुद्रे उगवतात. त्यांतल्या एका जातीला शास्त्रज्ञ ट्रामेटेस व्हर्सिकलर म्हणतात. ही मंडळी लाकूड खातात. लाकडाला ताठपणा आणणारा जो लिग्निन नावाचा काळपट पदार्थ असतो तो इतरांना पचत नाही, कारण त्याची रचना ठरावीक नसते. त्याचे दुवे वेडेवाकडे, जिथे जसे जमले तसे जुळलेले असतात. या बुरशीला तो मोडता येतो आणि तो मोडला की लाकूड पांढरे पडते. म्हणून या प्रकाराला पांढरी कूज म्हणतात. रचना ठरावीक नसलेल्या वस्तूला मोडायचे तर हत्यारही ठरावीक असून चालत नाही. बुरशी आपल्या अंगाबाहेर लॅकेस आणि पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे सोडते. ती समोर येईल त्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून त्याला खिळखिळा करतात. लॅकेस १८८३ साली योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाला रोगणाच्या झाडाच्या चिकात प्रथम सापडले होते. पुढे १९८५ साली अमेरिकेत दिसून आले की पांढऱ्या कुजीची एक बुरशी डीडीटीसारखे हट्टी कीटकनाशकही मोडू शकते. मग सहजच प्रश्न आला, हिला औषधे मोडता येतील का?

येतात, असे उत्तर मिळाले आहे. बार्सेलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली ट्रामेटेसच्या लहान लहान गोळ्या पाण्यात वाढवून त्यांत डायक्लोफेनॅक सोडले. पहिल्या तासाभरातच त्यातले शेकडा ९४ हून अधिक नाहीसे झाले. मोडताना जे मधले पदार्थ तयार झाले तेही दिवसभरात संपले आणि पाण्याचा विषारीपणा उतरला. ज्या रेणूने आमच्या आकाशातली गिधाडे पुसून टाकली, तो रेणू कुजक्या ओंडक्यावरच्या या उपेक्षित जीवापुढे तासभरही टिकला नाही. हे वाचले तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवीत नाही.

बुरशीचे आणि औषधाचे नाते जुनेच आहे. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन मिळाले ते बुरशीपासून. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि स्वतंत्र भारताने आपल्या रोग्यांसाठी आपल्याच मोठाल्या टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढायला सुरुवात केली. त्या काळी ती राष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट होती, आणि ते योग्यच होते. ज्या जीवसृष्टीने औषध दिले तीच आता औषधाचे उरलेले विष उतरवायला पुढे आली आहे.

परंतु इथेच सावध व्हायला हवे. प्रयोगशाळेतले पाणी आणि नालीतले पाणी यांत फार अंतर आहे. त्याच बार्सेलोनाच्या मंडळींनी इस्पितळाचे खरे सांडपाणी घेऊन २०१४ साली निष्कर्ष मांडला. पाणी आधी निर्जंतुक केले तेव्हा औषधांचा सुमारे ८३ टक्के भार उतरला. जसेच्या तसे वापरले तेव्हा सुमारे ५३ टक्के. कारण उघड आहे. सांडपाण्यात जिवाणूंची दाटी असते आणि ते बुरशीला जागा देत नाहीत. बुरशीला थोडे आंबट पाणी लागते, हवा लागते, रोजचे खाद्य लागते आणि वेळ लागतो. मिरगीवरचे कार्बामाझेपाइन तिलाही सहजी दाद देत नाही. मोडलेल्या रेणूचे तुकडे दरवेळी निरुपद्रवीच असतील असेही नाही. ते तपासावे लागते. थोडक्यात, ती एक जिवंत वस्तू आहे आणि गोठ्यातल्या जनावराइतकीच निगा मागणारी आहे. एकदा बसवले आणि विसरलो, असे ते यंत्र नव्हे.

या व्यावहारिक अडचणी हळूहळू सुटतील. मला जी अडचण वाटते ती निराळी आहे.

उपाय सापडला की दोष संपला, असे मानण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. प्रायश्चित्त ठाऊक असले म्हणजे पाप करायला धीर येतो. बुरशी औषधे मोडते हे एकदा वर्तमानपत्रांत छापून आले की दोन निरनिराळी माणसे सुटकेचा निःश्वास टाकतील. एक मी, माझ्या गोळीपुरता. दुसरा तो कारखानदार, जो ती गोळी मणांच्या हिशेबाने तयार करतो. आम्ही दोघे एकच निःश्वास टाकणार, पण आमची प्रकरणे एक नाहीत.

हैदराबादजवळच्या पटनचेरूची गोष्ट घ्या. तिथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र होते. स्वीडनच्या संशोधकांनी शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या त्या पाण्याची तपासणी केली. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की एका लिटरात ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही एवढे नसते. एका दिवसात बाहेर पडणाऱ्या औषधाचा अंदाज ४५ किलोंचा होता. ते पाणी तेव्हा जाई नक्कावागू ओढ्याने मांजरेकडे. बीडच्या डोंगरात उगम पावणारी, लातूरकरांची ती मांजरा पुढे गोदावरीला मिळते. आमच्या बेंबळेचे पाणीही शेवटी तिथेच जाते. अशा पाण्यात जे जिवाणू जगतात ते त्या औषधाला सरावलेले असतात. मग कधीतरी कुठल्यातरी इस्पितळात एखाद्या बाळाला ताप येतो आणि औषध लागू पडत नाही. उतारा ओलांडला गेलेला असतो. कोणी ओलांडला, कुठे ओलांडला, हे त्याच्या आईला कधीच कळणार नाही.

माझी गोळी ही माझी गरज आहे. आजारी माणसाला औषध घेऊ नकोस असे म्हणणारा कोणी नीतिमान मला ठाऊक नाही, आणि असला तर मी त्याचे ऐकणार नाही. परंतु कारखान्याच्या नळीतून वाहणारे औषध कोणाच्याही पोटात गेलेले नसते. त्याने कोणाचाही ताप उतरवलेला नसतो. ते केवळ खर्च वाचवण्यासाठी वाहू दिलेले असते. गरजेने झालेला आणि नफ्यासाठी होऊ दिलेला, असे दोन्ही दोष बुरशीच्या एकाच टाकीत सोडून 'आता सगळे शुद्ध झाले' म्हणणे म्हणजे विवेक गमावणे होय. बुरशीला हा भेद कळत नाही. आपल्याला कळायला हवा.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. घाण काढण्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवून आपण शुद्ध राहावे, ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. आपण ती शतकानुशतके जगलो. काही माणसांचा जन्मच त्या कामासाठी झाला असे आपण ठरवले, त्यांना गावकुसाबाहेर ठेवले आणि त्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे मानले. आपली शुद्धता त्यांच्या अशुद्धतेवर उभी होती. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी स्वतंत्र भारतात १९९३ साली कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली पुन्हा करावा लागला. आजही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात.

बुरशीवर अन्याय होत नाही, हे मला मान्य आहे. तिला जात नाही, दुःख नाही, अपमान नाही. कुजक्यात राबणे हाच तिचा स्वभाव आहे. माणसाऐवजी बुरशी हे काम करीत असेल तर ती प्रगतीच आहे. माझी भीती तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. आपले निस्तरायला नेहमी कोणीतरी खालचे असतेच, ही जी जुनी सवय आपल्या हाडात मुरलेली आहे, ती या नव्या सोयीने आणखी पक्की होणार नाही ना? ती बुरशीची टाकी ढवळायला, तिचा गाळ उपसायला शेवटी माणूसच लागणार. तो माणूस कोण असेल? त्याच्या हातात हातमोजे असतील का? त्याचा पगार कोण ठरवील? बुरशीच्या मागे उभा असलेला हा माणूस कोणत्याही शोधनिबंधात दिसत नाही.

आमच्या अमरावती जिल्ह्याने या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. शेंडगावला १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ साली अमरावतीजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची. त्या खराट्यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे घाण ज्याची त्याने उचलायची, ती दुसऱ्याच्या जातीवर ढकलायची नाही. दुसरी अशी की झाडणे एकदा करून संपत नाही. उद्या पुन्हा खराटा घ्यावा लागतो. पण बाबांच्या खराट्याला जी घाण लागे ती डोळ्यांना दिसत होती. आज आपण जी टाकतो ती दिसत नाही, तिला वास नाही, रंग नाही. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ असते आणि तरी त्यात सारे गाव घेत असलेली औषधे असतात. न दिसणाऱ्या घाणीसाठी खराटा कोणता? मला वाटते, बुरशी हे त्या खराट्याचे आजचे रूप होऊ शकते. मात्र खराटा कोणाच्या हातात आहे, यावरच त्याची नीती अवलंबून असते.

म्हणून शेवटी उताऱ्याच्या तिसऱ्या अर्थाकडे वळावे लागते. या पाण्याचा सात-बारा कोणाच्या नावाने काढायचा?

युरोपीय संघाने २०२४ साली शहरी सांडपाण्याचा नवा कायदा केला. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांचे सूक्ष्म अंश काढण्यासाठी जो जादा खर्च येईल त्याचा किमान ८० टक्के भाग ती वस्तू बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी सोसावा, असे त्यात ठरले. तत्त्व सरळ आहे : ज्याने लाभ घेतला त्याने निस्तरावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ साली प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्या सरकारने जानेवारी २०२० मध्ये अशा पाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. २०२१ साली नियम कायम झाले तेव्हा त्यातून त्या मर्यादाच गळून गेल्या. मला यात एक उपरोध दिसतो. युरोपातले नगर आपल्या नदीत गोळीचा अंश जाऊ नये म्हणून पैसे गोळा करणार. पण ती गोळी जिथे तयार होते तिथल्या ओढ्याचे काय? रोगी तिकडचा, औषध इकडचे आणि उतारा आमच्या तिठ्यावर.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. निस्तरण्याचा खर्च औषधाच्या किमतीत मिळवला तर औषध महागेल. ज्या वऱ्हाडात कापसाच्या भावाची आणि पावसाची धास्ती घेऊन शेतकरी जगतो, जिथे घरात एक मोठे दुखणे आले की सात-बारावर बोजा चढतो, तिथे गोळी महाग करण्याची भाषा कोणत्या तोंडाने बोलावी? नदीतल्या माशासाठी माणसाचा मधुमेह वाढू द्यायचा का?

या आक्षेपाला मी असे उत्तर देईन. निस्तरण्याचा खर्च आज शून्य नाही. तो आजही दिला जातो. फक्त तो देणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. ज्याच्या घरी गाळलेले पाणी येत नाही, जो नदीचे किंवा नदीकाठच्या विहिरीचे पाणी पितो, ज्याची गाय ओढ्यावर पाणी पिते, तो तो खर्च देतो. म्हणजे सर्वांत गरीब माणूसच तो देतो. गिधाडे गेल्यावर उघड्यावर सडणाऱ्या जनावरांचा आणि वाढलेल्या कुत्र्यांचा त्रास कोणी भोगला? बंगल्यातल्या माणसाने नव्हे. तेव्हा प्रश्न खर्च करावा की करू नये असा नाहीच. तो लपवून गरिबावर टाकायचा की उघडपणे ज्याचा त्याच्याकडून घ्यायचा, असा आहे. आणि उघडपणे घ्यायचा तर क्रमही उघड आहे. प्रथम कारखाना, कारण त्याचा दोष गरजेचा नाही आणि त्याचे पाणी एका जागी, दाट स्वरूपात सापडते. बुरशीलाही तिथे अधिक काम करता येईल. मग मोठी इस्पितळे. त्यानंतर शहरांचे सांडपाणी, सार्वजनिक खर्चाने. रोग्याच्या गोळीवर हात टाकण्याची वेळ सर्वांत शेवटी.

रोगी म्हणून माझ्याकडे काहीच उरत नाही असे मात्र नाही. साध्या पडशाला प्रतिजैविक मागू नये, उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नयेत, बैलाला सुई देण्यापूर्वी ती कोणती हे पशुवैद्याला विचारावे. एवढे मला करता येते. याने नदी शुद्ध होणार नाही. पण माझे आणि त्या पाण्याचे नाते आहे, हे मला रोज आठवत राहील. नीतीची सुरुवात बहुधा अशा आठवणीतूनच होते.

आमच्या वऱ्हाडात बुरशीला खाद्याची वाण नाही. सोयाबीनचे कुटार आहे, पऱ्हाटी आहे, तुराट्या आहेत. त्याच कुटारावर धिंगरी अळंबी पिकवणारी माणसे आहेत आणि धिंगरीही पांढऱ्या कुजीच्याच कुळातली आहे. उद्या एखाद्या इस्पितळाच्या मागल्या अंगणात, कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी अशी टाकी उभी राहिली तर तिचे स्वागतच करावे. फक्त तिच्यावर पाटी लावताना 'येथे पाणी शुद्ध होते' एवढेच लिहू नये. पाणी कोणाचे, त्यात काय होते, किती उतरले आणि किती राहिले, टाकीचा खर्च कोण देतो आणि तिची निगा कोण राखतो, हेही लिहावे. विष उतरवण्याचे काम बुरशी करील. उताऱ्यावरचे नाव मात्र आपलेच राहील, आणि ते तिथून कमी करून घेण्याचा अर्ज कोणत्याही कचेरीत चालणार नाही.